आधी उजेड, मग कपाटं

पत्र असं आहे:

"ताई, आमचं घर खानापूर तालुक्यात, नंदगडच्या बाजूला. चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं. सासऱ्यांनी बांधलं तेव्हापासून स्वयंपाकघर जसंच्या तसं आहे. कडप्प्याचा कट्टा, भिंतीत कडप्प्याच्याच मांडण्या, एक जुनं रंगवलेलं फडताळ, कोपऱ्यात चूल, चुलीशेजारी देव्हारा. गॅस कट्ट्यावर, सिलिंडर कट्ट्याखाली. वायरिंग लाकडी पट्टीची. भरदुपारी दिवा लावल्याशिवाय तांदूळ निवडता येत नाहीत. पावसाळ्यात भिंती ओल्या होतात आणि रंगाचे पापुद्रे ताटात पडतात. बेळगावच्या एका दुकानदाराला बोलावलं होतं. तो म्हणाला, सगळं फोडून मॉड्युलर करू, अडीच लाख होतील. माझ्याकडे भिशीचे 40 हजार आहेत. मुलगा नववीत आहे, हातानं काम करायची आवड आहे, दसऱ्याच्या सुट्टीत मदत करतो म्हणतो. धाकटी मुलगी चार वर्षांची. सासूबाई म्हणतात, माझा कट्टा आणि माझी चूल हलवायची नाही. भाकरी त्या अजून चुलीवरच करतात. सुरुवात कुठून करू?"

वहिनी,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात कपाटं नाहीत अशी तक्रार कुठेच नाही. तक्रार आहे ती अंधाराची आणि ओलीची. दुकानदारानं अडीच लाखांत जे द्यायचं कबूल केलं, त्यानं या दोन्हींतलं एकही जाणार नव्हतं. ओल्या भिंतीला चकचकीत पेट्या लावल्या असत्या तर दोन पावसाळ्यांत मागची पाठ फुगून आली असती. भुशाच्या बोर्डाला तर एकच पावसाळा पुरतो. त्याला परत पाठवलंत ते बरं केलंत.

पहिलं काम उजेडाचं, आणि ते सगळ्यांत स्वस्त आहे. कौलारू घर असल्याचा हा फायदा स्लॅबच्या घरवाल्यांना मिळत नाही. दोन कौलं काढा आणि त्या जागी काचेची कौलं बसवा. फक्त दुकानात जाताना आपलं एक जुनं कौल पिशवीत घालून घेऊन जा. मंगळुरात बासेल मिशननं 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि त्या नमुन्याची कौलं नंतर कितीतरी कारखान्यांनी केली, पण प्रत्येकाचा साचा थोडा वेगळा. कौल उलटं करून पाहा, पाठीवर कारखान्याचं नाव उमटलेलं असतं. दोन साच्यांची कौलं एकमेकांत नीट बसत नाहीत, खाच जुळत नाही, आणि त्या फटीतून पाणी थेट तुमच्या कट्ट्यावर येईल. काचेचं कौल आपल्या कौलावर ठेवून, खाचेत खाच बसवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

बसवायला छपरावर चढायची गरज नाही. आतून शिडी लावायची, वरच्या ओळीतलं कौल हातानं थोडं वर सरकवायचं, खालचं काढून घ्यायचं, काचेचं ठेवायचं, वरचं परत खाली आणायचं. मुलगा करू शकेल, पण शिडी धरायला मोठं माणूस हवं आणि कौलं कोरडी हवीत. जागा मात्र विचार करून निवडा. तुम्ही कट्ट्याशी उभ्या राहता तेव्हा उजेड तुमच्या पाठीमागून आला तर हातातल्या विळीवर तुमचीच सावली पडणार. कौल कट्ट्याच्या बरोबर वर किंवा किंचित भिंतीकडे हवं. दोनच पुरेत, तीन-चार लावलीत तर एप्रिल-मे महिन्यात घरात उभं राहवणार नाही. तुमच्याकडे वानरांचा त्रास असेल तर त्या दोन कौलांवर बाहेरून जाळी टाकून घ्या.

रात्रीसाठीही तोच नियम. दिवा खोलीच्या मधोमध असला की सावली पुढे पडते. मांडणीच्या खालच्या कडेला एक लांब एलईडी पट्टी लावली की कट्टा पूर्ण उजळतो. पण ती लावण्याआधी वायरिंगचं बोलायला हवं, आणि तिथे मी जरा कडक बोलणार आहे.

लाकडी पट्टीच्या वायरिंगला हात लावू नका, मुलालाही लावू देऊ नका. त्या काळच्या वायरीचं रबर आता वाळून तडकलेलं असतं, बहुतेक ठिकाणी अर्थिंगच नसतं, आणि तुमची भिंत चार महिने ओली. ओली भिंत, उघडी वायर, ओला हात आणि मिक्सर यांची गाठ पडू द्यायची नाही. परवाना असलेला वायरमन बोलवा आणि 40 हजारांतला पहिला मोठा वाटा त्याच्यासाठी काढून ठेवा. स्वयंपाकघराची लाईन वेगळी ओढायला सांगा. साध्या प्लगला 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, आणि इंडक्शन किंवा गिझर लावायचा विचार असेल तर 16 अँपिअरचा प्लग आणि 4 चौरस मिलिमीटरची वायर. 2000 वॉटची इंडक्शन शेगडी जवळजवळ 9 अँपिअर ओढते, 6 अँपिअरच्या प्लगवर ती लावली तर प्लग वितळतो. नवीन अर्थिंग करून घ्या आणि 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसवून घ्या. विजेची गळती झाली की ते डोळ्याचं पातं लवायच्या आत लाईन तोडतं. या एका डबीवर पैसे वाचवू नका. हेस्कॉमच्या, म्हणजे वीज कंपनीच्या, बिलावर मंजूर भार किती किलोवॉट लिहिलाय तेही पाहून घ्या. बिल कन्नडमध्ये असतं, मुलगा शाळेत कन्नड शिकतोय, त्याच्याकडून वाचून घ्या.

आता ओल. माझी एक चूक आधी सांगते, म्हणजे ती तुमच्याकडून होणार नाही. आमच्या माहेरच्या घरी अशीच चिऱ्याची भिंत होती, अशीच ओली. दुकानात सांगितलं, चांगला प्लास्टिक पेंट मारा, पाणी आतच येणार नाही. मी मे महिन्यात दोन हात मारले. भिंत वरून कोरडी दिसत होती. ऑगस्टमध्ये रंगाखाली पाण्याचे फोड आले आणि दिवाळीपर्यंत हातभर सालटी लोंबायला लागली. नंतर एका म्हाताऱ्या गवंड्यानं भिंतीवर हात ठेवून समजावलं, "बाई, भित्तीला श्वास घेऊ द्या की. तुमी तिचं तोंडच बांधलाय." चिरा आणि चुना-मातीची भिंत पाणी ओढते आणि सोडतेही. वरून प्लास्टिकचा थर दिला की ओढलेलं पाणी बाहेर पडायला जागा उरत नाही आणि ते रंगालाच ढकलून देतं. सिमेंटचा गिलावा मारला तरी तेच होतं, फक्त जरा उशिरा. तुमच्या ताटात पडणारे पापुद्रे त्याचेच असणार.

म्हणून आधी ओल कुठून येते ते शोधा. एक वीतभर जाड प्लास्टिकचा तुकडा घ्या, चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला घट्ट चिकटवा आणि दोन दिवस राहू द्या. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला पाणी जमलं तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला जमलं तर ती स्वयंपाकाची वाफ आहे, वाट न मिळाल्यामुळे गार भिंतीवर बसणारी. असे तुकडे तीन ठिकाणी लावा: जमिनीपासून वीतभरावर, कंबरेएवढ्या उंचीवर आणि छपराजवळ. नुसतं खालचं ओलं असेल तर बाहेर जाऊन जोत्याची उंची बघा. वर्षानुवर्षं अंगणात माती पडून पडून जमीन जोत्याच्या वर आलेली असते आणि पावसाचं पाणी भिंतीला टेकून उभं राहतं. कुदळ घेऊन भिंतीलगतची हातभर माती उतरवायची आणि बाहेरच्या बाजूला उतार द्यायचा. एवढं केल्यानं निम्मी ओल गेलेली घरं मी पाहिली आहेत. वरचं ओलं असेल तर सरकलेलं कोनाचं (आढ्यावरचं) कौल किंवा फुटकं कौल शोधा. वाफ असेल तर चुलीच्या वरचं जुनं धुराडं कुणी बंद केलंय का ते बघा आणि कट्ट्यापासून जवळ, उंचावर एक एक्झॉस्ट पंखा बसवा. समोरची खिडकी किंवा दार उघडं असेल तरच पंखा हवा बाहेर काढतो. सगळं बंद करून पंखा लावला तर तो नुसताच फिरत राहतो.

मग रंग. सुटलेला सगळा रंग खरवडून काढा. जिथे चिकटपट्टी लावून ओढल्यावर रंग पट्टीबरोबर येतो, तिथला सगळा काढायचा. तेलकट काजळीला गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून, हातमोजे घालून घासा. काजळी तशीच ठेवली तर नव्या रंगातून पिवळे डाग वर येतात. त्यावर चुना. हो, साधा चुना, आपल्या आज्या मारायच्या तोच. विरवलेला चुना विकत घ्या. कळीचा चुना घरी विरवू नका, पाण्यात पडला की तो उकळून उडतो आणि डोळ्याला कायमची इजा होऊ शकते, घरात चार वर्षांचं मूल आहे. विरवलेला चुना लावतानाही डोळ्यांना चष्मा हवाच. ताकाइतका पातळ करायचा, गाळायचा, थोडा भिजवलेला डिंक आणि चिमूटभर नीळ घालायची. भिंत पाण्यानं ओली करून पातळ तीन हात द्यायचे, प्रत्येक हातानंतर पूर्ण वाळू द्यायचं. जाड एकच हात दिला तर तो भेगाळून गळतो. ओला असताना चुना करडा आणि फिका दिसतो, घाबरू नका, वाळल्यावर पांढराशुभ्र होतो. आणि पांढऱ्या भिंतीनं काचेच्या कौलाचा उजेड दुप्पट वाटतो, तो अनुभव तुम्हालाच येईल.

हे काम दसऱ्याच्या सुट्टीत करू नका. तुमच्या भागात ऑक्टोबरमध्येही पाऊस रेंगाळतो आणि भिंत आतून ओलीच असते. सुट्टीत मुलाकडून प्लास्टिकची परीक्षा, खरवडणं, माती उतरवणं आणि काचेची कौलं एवढं करून घ्या. चुना तुळशीच्या लग्नानंतर, थंडी पडल्यावर.

शेगडीच्या मागची भिंत मात्र चुन्याची चालणार नाही, फोडणीचे डाग धुता येत नाहीत. तिथे टाइल्स लावायचा मोह होईल. चुन्याच्या जुन्या गिलाव्यावर टाइल धरत नाही, आणि धरली तर परत भिंतीचं तोंड बांधलं. त्यापेक्षा स्टीलचा पत्रा लावा, कट्ट्याएवढा लांब आणि दोन फूट उंच. बेळगावात उद्यमबागेत किंवा जवळच्या कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे माप दिलं तर कडा दुमडून मिळतो. दुमडलेल्या कडा महत्त्वाच्या, नाहीतर पुसताना बोट कापतं. भिंत आणि पत्रा यांत अर्धा इंच फट राहील असे धातूचे ठोकळे मागे द्या, लाकडाचे नकोत, शेगडीची आच लागते. फटीतून हवा खेळते, भिंत वाळते आणि पत्रा एका फडक्यानं पुसला जातो.

आता सासूबाईंचं. कट्ट्याच्या बाबतीत त्यांचं शंभर टक्के बरोबर आहे. ते जाड कडप्पे फोडू नका. जुनी लादी जितकी जाड असते तितकी आता सहसा मिळत नाही, आणि ती फोडायचा खर्च नव्या लादीइतकाच पडतो. कट्टा पांढरट झाला असेल तर त्याचं कारण बहुधा वेगळं आहे. कडप्पा आणि शहाबादी हे दोन्ही चुनखडीचे दगड. लिंबू, चिंच, आमसूल, ताक, कशातलीही आंबट धार त्यावर सांडून राहिली की दगडाचा वरचा थर खाल्ला जातो. फरशी पुसायला बाटलीतलं अ‍ॅसिड ओतलं तर एका रात्रीत खरखरीत पांढरी होते. ते डाग घासून निघत नाहीत, कारण डाग असा नसतोच, दगडच झिजलेला असतो. साबणाच्या कोमट पाण्यानं धुवा, पूर्ण वाळवा, मग पाण्याचा पॉलिश पेपर ओला करून गोल गोल घासा, आधी 220 नंबर, मग 400, शेवटी 800. दोन दिवस वाळला की अळशीचं उकळलेलं तेल (दुकानात 'बॉइल्ड लिनसीड ऑइल' म्हणून तयार मिळतं ते, घरी उकळायचं नाही) फडक्यानं अगदी पातळ चोळा आणि तासाभरानं कोरड्या फडक्यानं पुसून काढा. एक गोष्ट न विसरता करा: तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचं तेल वाळताना तापतं आणि चुरगाळलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. पाण्यात भिजवून बाहेर दगडावर पसरून वाळवा.

कट्ट्याची उंची बघा. ताठ उभ्या राहून कोपर वाकवा, कोपरापासून जमिनीपर्यंत मोजा आणि त्यातून 4 ते 6 इंच वजा करा. 5 फूट उंचीच्या बाईचं कोपर साधारण 37-38 इंचांवर येतं, म्हणजे कट्टा 32-33 इंच. जुने कट्टे बऱ्याचदा 28-30 असतात. लादी उचलण्याची गरज नाही. चिरायच्या, मळायच्या जागेवर खाली पाय लावलेला जाड लाकडी पाट ठेवा, त्यानं कंबर वाचते. शेगडी ठेवायची जागा खालची असली तरच बरं, कढईत नीट बघता येतं.

फडताळाबद्दल एक इशारा. त्याचा जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका. घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आपल्याकडे 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या, विशेषतः पिवळ्या, हिरव्या, लाल ऑइलपेंटमध्ये शिसं भरपूर असू शकतं, आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला बाधते. फडताळ अंगणात न्या, पाण्याचा पॉलिश पेपर ओला ठेवूनच घासा, निघालेला चिखल ओल्या फडक्यानं गोळा करून वेगळ्या पिशवीत बांधून टाका, आणि तेवढा वेळ धाकटीला शेजाऱ्यांच्या घरी ठेवा. खाली सागवान निघालं तर परत रंगवू नका, तेलच लावा. फडताळाला खाली चार इंचांचे दगड द्या, ओल आणि वाळवी दोन्ही लांब राहतात.

कट्ट्याखाली बंद पेट्या नकोत. जाळीची दारं करा, जमिनीपासून चार इंच मोकळी. सिलिंडर तिथेच असणार आणि बंद कपाटात सिलिंडर कधीही ठेवायचा नसतो.

आणि आता चूल. इथे मी सासूबाईंच्या बाजूनं नाही, पण त्यांना दुखवूनही नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर जात नाही, पाण्यासारखा जमिनीवरून पसरत जातो. तुमच्या घरात जमिनीवर काय आहे? चूल, आणि तिच्याशेजारी देव्हाऱ्यातली समई. कट्ट्याखालच्या सिलिंडरपासून काही पावलांवर. रात्रीतून नळीतून गॅस सुटला आणि पहाटे सासूबाईंनी चुलीत काडी पेटवली तर काय होईल, हे मला लिहिताना सुद्धा अंगावर काटा येतो. हे त्यांना असंच सांगा. चूल जुनी झाली, शोभत नाही, असं सांगू नका, कारण ते खरंही नाही आणि त्याचं त्यांना वाईट वाटेल. एका खोलीत चूल आणि गॅस नांदत नाहीत, म्हणून एकीला जागा बदलायला हवी, आणि भाकरी चुलीवरचीच हवी असेल तर चूल पडवीत न्यायची. समई दुसऱ्या भिंतीला, उंच फळीवर किंवा माजघरात.

आजच्या आज सिलिंडरची नळी बघा. त्यावर वर्ष छापलेलं असतं. पाच वर्षांत बदलायची, लांबी दीड मीटरपेक्षा जास्त नको, भिंतीतून किंवा लादीखालून न्यायची नाही, सगळी डोळ्यांपुढे हवी. रात्री रेग्युलेटर बंद. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण लावू नका आणि चालू असलेलं बंदही करू नका. दारं-खिडक्या उघडा, बाहेर या, 1906 ला फोन करा.

पडवीतली चूल जमिनीवर घालू नका. दगड-मातीचा ठेंगणा कट्टा करा, म्हणजे सासूबाईंना उकिडवं बसून फुंकावं लागणार नाही. धूर उघड्यावर जाईल तो वेगळाच फायदा, इतकी वर्षं तो त्यांच्याच छातीत जात होता. चुलीच्या वरचे वासे आणि रीप यांच्याखाली पत्रा ठोका. सरपणाला शेजारी कोरडा कोपरा ठेवा. चूल त्यांनाच घालू द्या, माती कुठली आणि शेण किती ते त्यांना माहीत आहे, पहिलं हळदकुंकूही त्यांच्याच हातचं.

आत जिथे चूल होती तिथले वासे धुरानं काळे झाले असतील. धुराच्या थरामुळे लाकडाला कीड कमी लागते असं आपल्याकडची माणसं मानतात, म्हणून चूल हलवल्यावर त्या वाशांकडे वर्षातून एकदा बघत जा. भुसा पडताना दिसला तर लगेच सुताराला दाखवा.

पडवीतल्या त्या कट्ट्याच्या उंचीचं गवंडी विचारेल तेव्हा स्वतःच्या अंदाजानं सांगू नका. सासूबाईंना ज्या पाटावर किंवा खुर्चीवर बसायचंय त्यावर बसवा, समोर परात ठेवा, भाकरी थापायला हात कुठे येतात ते बघा आणि तिथे खडूनं खूण करा.